भंगाराची सळई की खाणीतल्या लोखंडाची? स्लॅब तोंडावर आलाय

अंबडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अंबडला घराचं काम काढलंय. पाया झाला, कॉलम प्लिंथच्या वर आलेत, पुढच्या महिन्यात पहिला स्लॅब. अजून पाच-सहा टन गजाळी लागेल असं ठेकेदार म्हणतो.

ठाण्याचा मेहुणा फोनवर रोज एकच सांगतोय, ‘मोठ्या कंपनीचंच घे, ते खाणीतल्या खनिजापासून बनतं. जालन्याचं लोखंड म्हणजे भंगार वितळवून केलेलं, त्यात काय काय गेलं असेल देव जाणे.’ इकडचा दुकानदार म्हणतो, ‘दादा, आमचा माल स्पंजचा आहे, भंगाराचा नाही.’ आणि ठेकेदाराचं तिसरंच. त्याच्या मते हल्लीची सगळीच सळई कारखान्यात गरम असताना पाण्यात घालतात, त्यामुळे ठिसूळ होते, जुनी पिळाची सळई बरी होती.

किलोमागे सात-आठ रुपयांचा फरक आहे. सहा टनाला तो पन्नास हजारांच्या आसपास जातो, म्हणजे माझ्या खिडक्यांचा खर्च. पैसे वाचवायचेत, पण स्लॅबच्या जीवावर नाही. भंगारापासून केलेलं लोखंड खरंच कमजोर असतं का? आणि हे स्पंज म्हणजे काय? प्रत्यक्ष भट्टीवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा. जाहिरातीतलं मला वाचून पाठ झालंय.

निवांत_नाना

सरळ मोठा ब्रँड घ्या. घर आयुष्यात एकदा होतं. विषय संपला.

स्पेक्ट्रोवाला

नाना, विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो.

अंबडकर दादा, मी जालन्यात एमआयडीसीतल्या भट्ट्यांवर लॅबमध्ये होतो, आता निवृत्त. लॅब म्हणजे भट्टीच्या शेजारची एसीची खोली, त्यात स्पेक्ट्रोमीटर. भट्टीतून पळीने नमुना काढायचा, छोट्या साच्यात ओतायचा, थंड करून ग्राइंडरवर घासायचा आणि मशिनवर ठेवून ठिणगी मारायची. मिनिटभरात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, तांबं, सगळे आकडे पडद्यावर. बाहेर मेल्टर घाम पुसत उभा असतो, ‘साहेब, ओतू का?’ म्हणून. त्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगतो.

‘खनिजाचं का भंगाराचं’ हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. माल कुठून आला यापेक्षा भट्टी त्यातलं काय बाहेर टाकू शकते, हे विचारायला पाहिजे. प्रत्येक भट्टीची एक ताकद असते आणि एक लाचारी असते.

आधी मेहुण्यांच्या मोठ्या कंपनीचं, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीचं बघू. ती आपल्या राज्यातही आहे, रायगडात डोलवीला. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, खालून हजार-बाराशे अंशांची तापलेली हवा फुंकतात. कोक जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, लोखंड वितळून तळाला साचतं, दगडमाती चुन्याशी मिळून स्लॅग होऊन वर तरंगते. हा स्लॅग पुढे सिमेंटमध्ये जातो, तुमच्या पोत्यातही असेल. पण खाली जो रस येतो तो पोलाद नाहीच. त्यात चार टक्क्यांवर कार्बन असतो, हातोडा मारला तर तुकडे होतील. शिवाय खनिजात आणि कोकमध्ये जेवढा फॉस्फरस होता, तो जवळपास सगळाच्या सगळा लोखंडात उतरतो. झोतभट्टी त्याला अडवू शकत नाही.

खरं काम पुढच्या भांड्यात, कन्व्हर्टरमध्ये होतं. वरून नळी सोडून आवाजापेक्षा जास्त वेगाने शुद्ध ऑक्सिजन मारतात. इंधन एक थेंबही लागत नाही. लोखंडातलं सिलिकॉन आणि कार्बनच जळतं आणि त्याचीच उष्णता पुरून उरते. इतकी उरते, की रस थंड ठेवायला त्यात भंगार टाकावं लागतं. हो, मेहुण्यांना सांगा, ‘खनिजाच्या’ पोलादातही दहा-वीस टक्के भंगार असतंच. पंधरा-वीस मिनिटांत कार्बन चारवरून पाव टक्क्याच्या खूप खाली येतो, आणि सोबत टाकलेला चुना फॉस्फरस पकडून स्लॅगमध्ये नेतो. ही त्या भट्टीची ताकद.

आता आमची जालन्याची इंडक्शन. पाणी खेळवलेली तांब्याची जाड कॉइल, तिच्यातून काहीशे हर्ट्झची वीज. कॉइलच्या आत भंगार. आग नाही, ज्वाळा नाही, भंगारातच प्रवाह फिरतात आणि ते स्वतः तापून वितळतं. टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. सोळाशे अंशांचा रस आणि कॉइलमधलं पाणी यांच्यामध्ये असतं फक्त अस्तर, ज्याला आम्ही रॅमिंग म्हणतो: गारेच्या दगडाची पूड, थोडं बोरिक अ‍ॅसिड घालून ठोकून बसवलेली. गारेचा दगड म्हणजे सिलिका, आम्लधर्मी. आणि फॉस्फरस पकडायला लागतो चुना, जो याच्या बरोब्बर उलट. चुना टाकला की तो आधी अस्तर खायला लागतो. अस्तर फुटलं तर रस कॉइलवर, कॉइलमध्ये पाणी, आणि मग भट्टीवर उभ्या माणसांचं काय होतं ते इथे लिहीत नाही. म्हणून साध्या इंडक्शनमध्ये फॉस्फरस काढता येत नाही. जो आत गेला तो बाहेर आला. ही आमच्या भट्टीची लाचारी, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

हे दुखणं जालन्यात जन्मलेलं नाही. १८५६ साली इंग्लंडात बेसेमरने हवा फुंकून पोलाद करायची युक्ती जाहीर केली, लोकांनी पैसे मोजून परवाने घेतले, आणि त्यांचं पोलाद फुटायला लागलं. बेसेमरने प्रयोगाला वापरलेल्या लोखंडात फॉस्फरस नगण्य होता, यांच्यात भरपूर. आणि त्याच्या कन्व्हर्टरचं अस्तरही आमच्यासारखंच आम्लधर्मी. वीसेक वर्षं युरोपातलं बरंचसं खनिज या एका कारणाने पोलादाला कुचकामी होतं. तोड काढली ती लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने, सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने, आपल्या रसायनज्ञ चुलतभावाला हाताशी धरून. डोलोमाइटचं अस्तर लावलं, वर चुना टाकला, १८७९ मध्ये मिडल्सब्रोला मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. निघालेला फॉस्फरसवाला स्लॅग दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकला गेला. नोकरी सांभाळून रात्री रसायनशास्त्र शिकलेला माणूस होता तो. मला या सगळ्या इतिहासात त्याच्याइतकं कुणी आवडत नाही.

मग जालन्याचं पोलाद चांगलं होऊच शकत नाही का? होतं. पण ते भट्टीत नाही, भट्टीच्या आधी, भंगार उतरतं त्या यार्डात होतं. डाळीतला खडा कुकरमध्ये शिजत नाही, तो आधी निवडावा लागतो, तसंच. पत्र्याचे कारखान्यातले तुकडे, रेल्वेचं जुनं लोखंड, जाड प्लेटी हा माल चांगला. मोटारींचे गठ्ठे, तेलकट बोअरिंग (मशिनवर निघालेला भुसा), कशाकशाचे दाबून केलेले चौकोन हा माल संशयाचा. भंगारात तांब्याची वाइंडिंग राहिली तर तांबं रसात जातं आणि ते तर कुणालाच काढता येत नाही, कन्व्हर्टरलाही नाही. मग रोलिंगच्या वेळी बिलेटच्या, म्हणजे ज्यापासून सळई लाटतात त्या पोलादी ठोकळ्याच्या, अंगावर बारीक चिरा पडतात. जस्ताच्या पत्र्याचं जस्त धूर होऊन उडून जातं. शिसं सगळ्यात दगाबाज. ते लोखंडात विरघळत नाही, जड म्हणून तळाला जातं आणि अस्तराच्या फटीतून झिरपतं. यार्डात जुनी बॅटरी दिसली की आमचा फोरमन शिव्या द्यायचा, त्या उगाच नाही.

आता स्पंज. चंद्रपूरकडे घुग्घुसला वगैरे हे कारखाने आहेत. लांबलचक फिरत्या भट्टीत खनिजाचे खडे आणि दगडी कोळसा हजारेक अंशांवर तापवतात. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे इथे वितळत काहीच नाही. खड्यातला ऑक्सिजन तेवढा निघून जातो आणि भोकाभोकांचा हलका खडा उरतो. म्हणून स्पंज. त्यात तांबं-कथील जवळपास नसतंच, हा त्याचा मोठा गुण. पण खनिजातली माती तशीच आत, आणि फॉस्फरसही तसाच. टनभर लोखंडाला साधारण दीड टन खनिज लागतं, म्हणजे खनिजात जेवढा टक्का होता त्याच्या दीडपट टक्का लोखंडात! शिवाय स्पंज जास्त टाकला की स्लॅग वाढतो, वीज वाढते. तेव्हा ‘आमचा माल स्पंजचा’ हे काही शुद्धतेचं प्रमाणपत्र नाही. चांगला मेल्टर दोन्ही मिसळतो, स्पंज तांबं पातळ करतो आणि चांगलं भंगार फॉस्फरस पातळ करतं. सगळी कला त्या मिश्रणात.

हल्ली बऱ्याच ठिकाणी भट्टीनंतर लॅडल फर्नेस, म्हणजे रस ओतण्याआधी सुधारायचं वेगळं भांडं, बसवलंय. तिथलं अस्तर वेगळं, चुना चालतो, गंधक मस्त खाली येतो. पण फॉस्फरस तिथेही हलत नाही. त्याला निघायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि गंधकाला कमी, एका ताटात दोघं जेवत नाहीत. काही जणांनी भट्टीलाच अ‍ॅल्युमिनाचं अस्तर लावून फॉस्फरस काढायचे प्रयोग केलेत. महाग आहे, पण होतं.

ठेकेदाराचा पाण्याचा मुद्दा. सळई शेवटच्या रोलमधून हजारेक अंशांवर लालभडक बाहेर येते आणि पाण्याच्या पेटीतून क्षणभरात जाते. वरची साल कडक होते, गाभा लालच राहतो. बाहेर आल्यावर गाभ्याची उष्णता सालीकडे येते आणि त्या कडकपणातला ठिसूळपणा मारते. बाहेरून कणखर, आतून मऊ. टीएमटी म्हणजे इतकंच. पिळाच्या सळईला ताकद थंडपणी पिळून आणत, त्यात तिची ताणली जाण्याची शक्ती खर्च व्हायची. पाणी कमी-जास्त झालं तर टीएमटी बिघडते हे खरं, पण पाण्यात घातली म्हणून ठिसूळ हे खोटं. आडवा काप घासून त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक अ‍ॅसिड लावलं की कडेने गोल कडं दिसतं. ते सगळीकडे सारख्या जाडीचं असावं.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. ‘जालना’ किंवा ‘मोठी कंपनी’ यावर जाऊ नका. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकातली ५०० डी ग्रेड मागा (५०० हा ताकदीचा आकडा). साध्या ५०० ला फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, डीला ०.०४० च. गंधकाचंही तसंच. हा डी गाठायचा म्हणजे यार्डात माणूस उभा करावा लागतो. जालन्यात तो गाठणारे आहेत आणि न गाठता छापणारेही असतील. मी दोन्ही प्रकारचे मालक पाहिलेत. पडद्यावर ०.०६२ दिसल्यावर अर्धा रस काढून चांगलं भंगार टाका म्हणणारा एक, आणि ‘पट्टी-अँगलला लावू’ म्हणणारा दुसरा. तिसरा ‘ओता’ म्हणाला, त्याच्याकडे मी फार टिकलो नाही.

कोल्हापुरी_ओतकाम

काका, लई दिवसांनी कुणीतरी यार्डाचं नाव काढलं. आमची शिरोलीला फाउंड्री आहे, सासऱ्यांपासूनची. आधी कुपोला (कोकवर चालणारी बिडाची भट्टी) होता, आता इंडक्शन. थोडं उलट बाजूने सांगते.

सळईवाले ज्या फॉस्फरसला घाबरतात, तो बिडाच्या काही कामात आम्हाला मुद्दाम हवा असतो. फॉस्फरसने रस पातळ होतो, बारीक नक्षीत शिरतो. रेल्वेच्या जुन्या बिडाच्या ब्रेक ब्लॉकला तर जास्त फॉस्फरसचं बीडच लागायचं, ते कमी झिजतं. आणि तांबं! एसजी आयर्नच्या (न तुटता वाकणाऱ्या बिडाच्या) काही कास्टिंगला कणखरपणा यावा म्हणून आम्ही बाजारातून तांबं विकत आणून भट्टीत टाकतो. तुमचं विष ते आमचं औषध. पण त्याच एसजीला भंगारात मँगनीज जास्त आलं की आमची झोप उडते, आणि सळईला तर मँगनीज लागतंच. म्हणून आम्ही सळईचे तुकडे घेत नाही, गाड्यांच्या बॉडीचा पत्रा कापून उरलेला माल घेतो. तोही सगळ्यांनाच पाहिजे असतो, त्यामुळे भाव तसाच.

जस्ताचं काका म्हणाले ते अगदी खरं, पण ‘उडून जातं’ म्हणण्याइतकं सोपं नाही वो. तो पांढरा धूर माणसांच्या छातीत जातो. संध्याकाळी घरी गेल्यावर थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो. आमच्याकडचे जुने कामगार त्यावर गूळ खातात. मी गूळ बंद केला नाही, पण भट्टीवर धूर ओढणारं हूड बसवलं आणि जस्ताचा पत्रा गेटवरूनच परत पाठवते.

अंबडकर, तुमच्या दुकानदाराला भंगार शब्दाची लाज का वाटते कळत नाही. आमच्या अख्ख्या शिरोली-गोकुळ शिरगावचा संसार भंगारावर चाललाय. इंजिनाचे ब्लॉक, पंपाचे बॉडी, ट्रॅक्टरचे हब, सगळं त्यातूनच.

अंबडकर

स्पेक्ट्रोवाले काका, ताई, खूप आभार. मी तर बायकोला वाचून दाखवलं. पण आमची मुलगी दहावीला आहे, तिला ‘धातुविज्ञान’ धडा आहे, तिने लगेच अडवलं. तिचे दोन प्रश्न जसेच्या तसे. एक, जस्त उडतं, शिसं झिरपतं, मग तांबंच का जात नाही, ऑक्सिजन मारला तरी? दोन, लोखंड कोळशाने निघतं तर अ‍ॅल्युमिनियमला एवढी वीज का जाळतात, त्यालाही कोळसा का नाही?

मला उत्तर आलं नाही. मी विषय चहावर नेला.

स्पेक्ट्रोवाला

मुलीला सांगा, तिच्या पुस्तकात अभिक्रियाशीलतेची श्रेणी दिलीय ना, तीच भट्टीवर चालते. परीक्षेपुरती नाही ती. फक्त एक प्रश्न विचारायचा, ऑक्सिजनचा हात कोण किती घट्ट धरतं?

ऑक्सिजन मारला की जो जास्त घट्ट धरतो तो आधी जळून स्लॅगमध्ये जातो. लोखंडाच्या रसात अ‍ॅल्युमिनियमचं भांडं पडलं तर ते लगेच जळून जातं. उलट आम्ही रसातला जास्तीचा ऑक्सिजन मारायला मुद्दाम अ‍ॅल्युमिनियम टाकतो. सिलिकॉन, मँगनीज, कार्बनचंही तेच. तांबं मात्र लोखंडापेक्षा ढिला हात धरतं. म्हणजे तांबं जाळायचं तर आधी अख्खं लोखंड जळालं पाहिजे. मग उरणार काय? कथीलही त्याच रांगेत.

गंमत पुढे आहे. तांब्याच्या कारखान्यात हेच नाटक उलटं चालतं. गोंदियाच्या पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी खाण आहे, हिंदुस्थान कॉपरची. खनिजात तांबं जेमतेम एक टक्का, बाकी दगड. ते दळून, पाण्यात फेस काढून, फेसाबरोबर तांब्याचे कण वर आणतात. पण त्या कणांतही तांब्याला गंधक आणि लोखंड चिकटलेलं. मग भट्टीत हवा किंवा ऑक्सिजन मारतात आणि गारेची वाळू टाकतात. लोखंड जळून वाळूशी मिळतं आणि स्लॅग म्हणून फेकलं जातं. तिथे लोखंड हा कचरा! गंधक वायू होऊन निघतो, त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड करतात. उरलेलं ९८-९९ टक्के तांबं. त्यात सोनं-चांदी शिल्लक असते, कारण ती तांब्यापेक्षाही ढिली. ती काढायला मग वीज लागते: तांब्याच्या जाड प्लेटी अ‍ॅसिडात टांगतात, तांबं एका प्लेटीवरून सुटून दुसऱ्या प्लेटीवर जाऊन बसतं, सोनं-चांदी तळाच्या गाळात पडते. वायरला लागणारं ९९.९९ टक्क्यांचं तांबं असं होतं.

आता कोळशाचं. कार्बनला ऑक्सिजन हिसकावता येतो, पण कुणाकडून आणि किती तापमानाला हे ठरलेलं आहे. लोखंडाकडून तो हजारेक अंशांच्या आतच सुरू होतो. जस्ताकडूनही घेतो, पण तिथे एक फजिती आहे. हिसकावायला हजारच्या आसपास अंश लागतात आणि जस्त ९०७ लाच उकळतं. म्हणजे धातू जन्मतो तोच वाफ होऊन, आणि वाफेला हवा लागली की पुन्हा राख. यावर उपाय आपल्या लोकांनी शोधला, उदयपूरजवळ जावरला. मातीच्या बंद मुशी उलट्या लावायच्या, तोंड खाली, वर जाळ. वाफ खाली थंड भांड्यात उतरते आणि तिथे जस्त साचतं. मध्ययुगात तिथे हे मोठ्या प्रमाणावर चालायचं, वापरलेल्या मुशींचे ढीग अजून आहेत. इंग्लंडात ब्रिस्टलच्या चॅम्पियनने जस्त गाळायचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. मुलीला हे परीक्षेत येणार नाही, तरी सांगा.

अ‍ॅल्युमिनियमचा हात इतका घट्ट, की कोळशाने सोडवायचा तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. तिथे धातू मिळायच्या ऐवजी कार्बनशीच लग्न लावून मोकळा होतो, कार्बाइड होतं. म्हणून वीज. पण अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) नुसता वितळवायलाही दोन हजारच्या वर लागतात. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघं एकमेकांना न ओळखता, विशीतली पोरं, एकाच युक्तीवर आली: अ‍ॅल्युमिना वितळवू नका, वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात विरघळवा, ९५०-९६० अंशांत काम होतं. तरी किलोला तेरा ते पंधरा युनिट लागतातच. शिवाय कोळसा सुटत नाहीच, कार्बनचे अ‍ॅनोड जळत जातात, किलोला चारशे ग्रॅमच्या वर. कोल्हापूरकर ताईंच्या जिल्ह्यातल्या राधानगरीच्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावला जायचं, पण तिथे अ‍ॅल्युमिनापर्यंतच. पुढचं काम स्वस्त वीज असेल तिथे.

भंगाराचा हिशोबही याच रांगेतून निघतो. अ‍ॅल्युमिनियमचं भंगार पुन्हा वितळवायला नव्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते, कारण ऑक्सिजनशी भांडण एकदा झालेलं असतं. म्हणून भंगारवाला लोखंडी डब्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्याला जास्त भाव देतो.

आरसीसी_नाशिक

डिझाइन करणारा म्हणून थोडं साइटवरचं. स्पेक्ट्रोवाल्यांच्या डी ग्रेडच्या सल्ल्याला माझं अनुमोदन. ५०० ला तुटण्याआधी किमान १२ टक्के ताण (म्हणजे तेवढी लांबी वाढली पाहिजे), ५०० डीला १६ टक्के. भूकंपात घर वाचतं ते या ताणावर. दुकानदार ‘५५० घ्या, जास्त ताकद’ म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. डिझाइन ५०० वर असेल तर ५५० ने काही साधत नाही.

वजन स्वतः करा. मीटरचं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मिमीला ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८. नियमाने १० मिमीपर्यंत लॉटमध्ये ७ टक्के इकडे-तिकडे चालतं, १६ पर्यंत ५, त्यावर ३. काही जण मुद्दाम खालच्या कडेला रोल करतात. तुम्ही किलोवर घेत असाल तर पैशात फसत नाही, पण ठेकेदार नग मोजून बांधतो, तेव्हा स्लॅबमध्ये लोखंड कमी जातं. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अंगावर हलका तांबूस गंज असेल तर घाबरू नका, पापुद्रे सुटत असतील तर परत पाठवा. आणि कॉलमची चुकीची वाकलेली सळई गॅसने तापवून सरळ करू देऊ नका. त्या पाण्याच्या पेटीने दिलेलं सगळं तिथे निघून जातं.

अंबडकर

आज जालन्याला जाऊन आलो. दोन कारखान्यांचा माल पाहिला. एकाने टेस्ट सर्टिफिकेट लगेच दाखवलं, ५०० डी, फॉस्फरस ०.०३६, हीट नंबर (भट्टीच्या एका घाणीचा नंबर) बंडलच्या पट्टीवरच्या नंबरशी जुळला. दुसरा म्हणाला, ‘सर्टिफिकेट नंतर मेल करतो.’ पहिल्याचा माल आणि मोठ्या ब्रँडचा माल यात किलोमागे सहा रुपये फरक. पहिल्याकडून घ्यायचं ठरवतोय. पण दोन बंडलांचे हीट नंबर वेगवेगळे निघाले, ते चालतं का?

स्पेक्ट्रोवाला

चालतं. एका हीटमधून ठरावीक टनच निघतात, सहा टनात चार व्यास घेतले तर नंबर वेगळे येणारच. प्रत्येक नंबरचं सर्टिफिकेट मात्र वेगळं मागा. एकाच कागदाची झेरॉक्स सगळ्या बंडलांना लावून देतात. ०.०३६ ठीक आहे, डीच्या आत आहे. कागदावर ०.०१ दिसलं असतं तर साध्या इंडक्शनच्या मालावर मी विश्वास ठेवला नसता.

माल साइटवर उतरला की १२ आणि १६ मिमीचे मीटर-मीटरचे तुकडे काढून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला द्या, छत्रपती संभाजीनगरला आहेत. ताण, वाकवणं, वजन आणि रासायनिक तपासणी, चारही सांगा. नुसती ताणाची केली तर फॉस्फरस कळत नाही. तुकडा हॅकसॉने किंवा कटरने कापा, गॅसने नाही, आणि हीट नंबर तुकड्यावर ऑइल पेंटने लिहा, कागदाची चिठ्ठी बांधली तर लॅबच्या दारातच गळून पडते. रिपोर्ट आला की इथे टाका, कारखान्याचं नाव झाकून.